तीन उपरणी

"तीनशे किलो सांगून टाका," मोहोड फोनवर ओरडत होते. "केशर घालायला सांगा. आणि डब्यावर साहेबांचा फोटो. बाजूला कशाला? झाकणावर!"

सकाळचे साडेदहा वाजले होते. टीव्हीवर आमचा पक्ष एकशे अठ्ठावन्न जागांवर पुढे होता. बहुमताला एकशे पंचेचाळीस पुरत होत्या. पक्ष कार्यालयाच्या दिवाणखान्यात खुर्च्या संपल्या होत्या आणि खाती वाटून झाली होती. अजून निवडूनही न आलेले दोघे जण सार्वजनिक बांधकाम खात्यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

मी त्या गर्दीच्या मागे, अभ्यास केंद्राच्या दारात उभा होतो. अभ्यास केंद्र म्हणजे कार्यालयाच्या मागच्या अंगाची एक खोली, सहा कपाटं आणि मी. पक्षाच्या संस्थापकांनी हौसेनं ती सुरू केली होती. इतिहासाच्या प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर मी तिथं जाऊन बसू लागलो. चार वर्षांत तिथं पुस्तक मागायला फारसं कुणी आलं नाही. दुपारी डुलकी काढायला मात्र दोन जिल्हाध्यक्ष नियमानं येत.

बारा वाजता आकडा एकशे एकोणचाळीसवर आला. मोहोड पक्षाचे सरचिटणीस. त्यांनी पेढ्यांची ऑर्डर शंभर किलोवर आणली. खाती वाटणारे आता मतदान यंत्रांबद्दल बोलू लागले. दोन वाजता एकशे एक्कावन्न झाले, तेव्हा यंत्रं पुन्हा निर्दोष ठरली आणि पेढे अडीचशे झाले. हलवाई वैतागला असावा, कारण मोहोड म्हणाले, "अरे बाबा, खवा भाजायला घे म्हणतोय ना मी! माझ्या हातात असतं तर सकाळीच थांबवलं असतं मोजायचं."

एका दिवसात त्या खोलीनं जनतेला दोनदा सुज्ञ आणि दोनदा विकाऊ ठरवलं. मी मोजत होतो. मोठ्यानं मोजायची माझी छाती नव्हती.

संध्याकाळी पाच वाजता आकडा थांबला. एकशे बेचाळीस. तीन कमी.

सहाच्या सुमारास रावसाहेब इंगवले स्वतः अभ्यास केंद्रात आले. आमचे प्रदेशाध्यक्ष. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. चार वर्षांत ते पहिल्यांदाच या खोलीत येत होते. त्यांनी कपाटांकडे असं पाहिलं, की ती इथं कुणी ठेवली याची चौकशी लावावी.

"खांबेटे, ती कासारखेड्याची बाई तुमची ना?"

"माझी म्हणजे... ओळख आहे, साहेब."

"तेच म्हणतो मी. आमच्या उमेदवाराला पाडून आली. दोन अपक्ष मोहोडनं पटवलेत. तिसरी ही. म्हणते, खांबेटे गुरुजींशी बोलेन, दुसऱ्या कुणाशी नाही." ते हसले. "तुमच्या पुस्तकांचा पहिल्यांदा उपयोग झाला म्हणायचा."

गोदावरी तिडके ही अंगणवाडीताई. तीन वर्षांपूर्वी ती या खोलीत आली होती. चप्पल दाराबाहेर काढून, हातात कापडी पिशवी घेऊन. कासारखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयात तीन वर्षं डॉक्टर नव्हता. डॉक्टर नेमायचा शासन निर्णय आहे असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, पण तो कुणी दाखवत नव्हतं. मी शासन निर्णयांचा एक संग्रह तिला दिला आणि दोन दिवस शोधून तो कागदही काढून दिला. त्या एका कागदावर तिनं तहसीलदारापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना बेजार केलं. डॉक्टर आला, सात महिने राहिला आणि बदली करून घेऊन गेला. मग तिनं आमच्या पक्षाकडे तिकीट मागितलं. पक्षानं ते एका ठेकेदाराला दिलं. ती बादली चिन्हावर उभी राहिली आणि तीनशे बारा मतांनी निवडून आली.

मी तिला फोन लावला. साहेब समोरच बसले होते.

"गुरुजी, मी काय करू ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मला डॉक्टर पाहिजे. जो देईल त्याच्याबरोबर. पण मला ह्यातलं काही कळत नाही. कुठं सही करायची, कुठं नाही, कोण सांगणार?"

"हे बघा बाई, तुम्ही अपक्ष निवडून आलात. अपक्षानं सरकारला पाठिंबा दिला तर चालतं. पण निवडून आल्यावर कुठल्या पक्षात प्रवेश केला, तर आमदारकी जाते. तसा कायदा आहे. म्हणून फक्त पाठिंब्याचं पत्र द्यायचं. ते मी लिहून ठेवतो, तुम्ही वाचून सही करा."

"म्हणजे पक्षात जायचं नाही."

"अजिबात नाही."

"तुम्ही असाल ना तिथं?"

"असेन."

"मग येते."

फोन ठेवला तर साहेब टीव्हीकडे मान वळवून दिवाणखान्यातलं काहीतरी ऐकत होते. "येते का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मी आत्ता फोनवर जे बोललो त्यातलं त्यांनी काही ऐकलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. बहुधा नसावं. मी बोलायला लागलो की लोकांना आपली राहिलेली कामं आठवतात.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत ती आली. रात्रभर एसटीनं प्रवास केलेला. हिरवं सुती लुगडं, तीच कापडी पिशवी. मी तीन ओळींचं पत्र लिहून ठेवलं होतं. तिनं ते बोट फिरवत दोनदा वाचलं.

"ह्यात डॉक्टरचं नाही."

"ते पत्रात घालता येत नाही, बाई. ते तोंडी."

"तोंडीच राहतं सगळं," ती म्हणाली आणि सही केली. मग हसली. "तुम्ही जेवलात का? भाकरी आणलीय. ठेचा आहे, पण तुम्हाला सोसायचा नाही."

आम्ही भाकरी उघडणार, तेवढ्यात मोहोड आत आले. "ताई, चला चला, साहेब वाट बघतायत!" म्हणत तिला घेऊनही गेले. भाकरी टेबलावरच राहिली.

पाच मिनिटांनी मी बाहेर आलो, तर दिवाणखान्यात मंच उभा होता. मागे फलक लागला होता: भव्य पक्षप्रवेश सोहळा. टीव्हीचे कॅमेरे मांडले जात होते. आणि एका टेबलावर कापडाचा गठ्ठा सुटत होता. उपरणी. आमच्या पक्षाची दुरंगी, काठाला चिन्ह छापलेली.

त्या उपरण्यांबद्दल सांगायला हवं. निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत आमच्याकडे आठवड्याला दोन पक्षप्रवेश होत. कुणी माजी सरपंच, कुणी सोसायटीचा चेअरमन. साहेब गळ्यात उपरणं घालत, फोटो निघे, माणूस जाई. नांदगावच्या एका माणसाच्या गळ्यात त्यांनी एका वर्षात तीनदा उपरणं घातलं, कारण तो मधल्या काळात दोनदा बाहेर जाऊन आला होता. एकदा गर्दीत पुढे आलेल्या छायाचित्रकाराच्याच गळ्यात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या साप्ताहिकात पत्रकारांचाही पक्षाकडे ओढा अशी बातमी आली. साहेबांचे हात मोकळे राहिले की त्यांना ते सहन होत नसे. समोर मान दिसली की उपरणं.

मी मोहोडांना गाठलं.

"अहो, हे काय? पाठिंबा ठरला होता. प्रवेश नाही चालणार. तिघांचीही आमदारकी जाईल."

"गुरुजी, तुम्ही पण ना! हा सत्कार आहे हो. कापड आहे ते, कापड."

"फलकावर पक्षप्रवेश लिहिलंय."

मोहोडांनी वळून फलक पाहिला. "तो आपला नेहमीचाच आहे. नवा छापायला वेळ कुठं होता?"

"पक्षाच्या वकिलांना तरी विचारा."

"वकीलसाहेब स्वतःच पडलेत सव्वीस हजारांनी. फेरमोजणी मागत बसलेत तिकडे. तुम्ही साहेबांना विचारा ना, मी कोण सांगणार?"

मी अभ्यास केंद्रात परत गेलो. कायद्याचं पुस्तक काढलं, पानात खुणेची चिठ्ठी घातली, आणि साहेबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत जायला मला दोन-तीन मिनिटं लागली. आयुष्यभर दारं मला अशीच जड जात आली आहेत.

आत साहेब होते, मोहोडांनी पटवलेले दोन अपक्ष होते आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर अगदी कडेला गोदावरीबाई बसल्या होत्या. साहेबांना नुकताच चहा आला होता.

"साहेब, एक मिनिट. बाहेर येता का? कायद्याचा मुद्दा आहे."

"इथंच बोला. हे सगळे आता घरचेच."

मी बोलू लागलो. मला वाटतं मी दुसऱ्या वाक्यातच अडखळलो. कलमाचा आकडा सांगताना मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिकडे कॅमेरेवाले हाका मारत होते. साहेबांनी माझ्या हातातलं उघडं पुस्तक घेतलं. मला वाटलं, वाचतायत. त्यांनी ते समोरच्या टेबलावर तसंच उघडं ठेवलं आणि त्यावर चहाची बशी ठेवली, कारण टेबलाला नवी काच बसवली होती.

"खांबेटे, पाठिंबा देणारा दारात उभा असतो. कधीही चालू लागतो. प्रवेश करणारा घरात येतो. मला तिघंही घरात हवेत." ते त्या दोघांकडे वळले. "आमचे प्राध्यापक आहेत हे. ह्यांच्या पुस्तकांनी सरकार येत असतं तर ह्यांनाच मुख्यमंत्री केलं असतं."

दोघेही मनापासून हसले. एकानं विचारलं, "पगार देता का ह्यांना?"

"चहा देतो," साहेब म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

गोदावरीबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्या गडबडीत कायद्याचं त्यांना किती ऐकू गेलं असेल, कोण जाणे. मी एवढं हळू बोललो होतो.

"गुरुजी..." त्यांनी सुरुवात केली, पण मोहोड आले आणि सगळे उठले.

सोहळा अकराला सुरू झाला. मी नेहमीप्रमाणे मागे, खांबाला टेकून उभा राहिलो. साहेबांचं भाषण झालं. जनतेनं आम्हाला एकशे बेचाळीस जागा दिल्या, उरलेल्या तीन देवानं दिल्या, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग पहिल्या अपक्षाच्या गळ्यात उपरणं पडलं. घोषणा झाल्या. दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. त्यानं दोन्ही हात वर करून बोटांनी विजयाची खूण केली.

तिसरं उपरणं घेऊन साहेब गोदावरीबाईंसमोर आले. त्या एक पाऊल मागे सरल्या. लोकांना तो लाजरेपणा वाटला, कुणीतरी "घ्या ताई, घ्या!" म्हणालं. त्यांनी मान उंच करून गर्दीवरून पाहिलं. कपाळावर आठी घालून, बाजारात हरवलेलं माणूस शोधावं तसं. मी त्यांना खांबापाशी सापडलो.

त्यांनी डोळ्यांनी विचारलं. अगदी स्पष्ट. घालू का?

मला बोलायचं नव्हतं. मंचावर जायचं नव्हतं. कुणाला कलम सांगायचं नव्हतं. फक्त मान एकदा डावीकडून उजवीकडे हलवायची होती.

मी मान खाली घातली.

पुन्हा वर पाहिलं तेव्हा त्यांच्या गळ्यात उपरणं होतं आणि पेढे वाटले जात होते. साडेचारशे डबे. झाकणावर साहेब.

पुढचं फार लांबलं नाही. दुपारीच विरोधी आघाडीचे वकील टीव्हीवर आले. त्यांनी एकच चित्र दाखवलं: तीन अपक्ष, तीन उपरणी, मागे फलक. तिघंही अपात्र ठरतात, असं ते शांतपणे म्हणाले. संध्याकाळपर्यंत ते दोघे अपक्ष घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विरोधी आघाडीच्या कार्यालयात सापडले. आमचा फक्त सत्कार झाला, असं म्हणाले. आमच्याकडे राहिले एकशे त्रेचाळीस. मोहोड हलवायाशी भांडत होते, की उरलेला खवा परत घे.

तिकडचे लोक गोदावरीबाईंकडेही गेले होते. त्या म्हणाल्या, "लोकांसमोर गळ्यात घेतलंय. आता कुठं जाऊ?"

विरोधी आघाडीचं सरकार आलं. विधानसभेचे अध्यक्ष त्यांचे झाले. अपात्रतेची सुनावणी दहा महिने चालली. निकालात लिहिलं होतं, की पहिल्या दोन सदस्यांनी उपरणं सत्कार म्हणून स्वीकारल्याचं दिसतं. त्यामुळे ते पात्र. श्रीमती तिडके यांनी मात्र प्रवेश केल्याचं दिसतं. त्यामुळे त्या अपात्र. छायाचित्र एकच होतं. मी तो निकाल अनेकदा वाचला आहे. त्याची भाषा निर्दोष आहे.

आणि साहेब? निकालाच्या महिनाभर आधी ते सतरा आमदार घेऊन त्याच सरकारात गेले होते. त्यांच्या अपात्रतेच्या अर्जाला सुनावणीची तारीखच मिळाली नाही. त्यांना सार्वजनिक बांधकाम मिळालं. शपथविधीला त्यांच्या गळ्यात नवं उपरणं होतं. पोटनिवडणुकीत कासारखेड्यातून तोच ठेकेदार निवडून आला, आता दोन्हीकडचा संयुक्त उमेदवार म्हणून.

निकालानंतर आठवड्यानं गोदावरीबाई अभ्यास केंद्रात आल्या. चप्पल बाहेर काढून. मी कपाटं आवरत होतो, कारण नव्या व्यवस्थेत ती खोली पक्षाच्या प्रचारसाहित्याला हवी होती. त्यांनी पिशवीतून एक गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. शासन निर्णयांचा मी दिलेला संग्रह त्यांनी त्या उपरण्यात बांधून आणला होता.

"पुस्तक तुमचं," त्या म्हणाल्या. "कापड पक्षाचं. कोण राहिलंय इथं पक्षातलं, त्याला द्या."

"डॉक्टर आला का?"

"नाही."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. टेबलावर कायद्याचं पुस्तक होतं. त्यांनी ते उघडलं. ते आता आपोआप त्याच पानावर उघडायचं. बशीचा तपकिरी गोल त्या कलमावर नीट उमटला होता.

"हेच ना ते? त्या दिवशी सांगत होता तुम्ही?"

"हेच."

त्यांनी बोट फिरवत कलम वाचलं, दोनदा. मग पुस्तक मिटलं.

"गुरुजी, मी तुमच्याकडं बघितलं होतं."

"हो."

"तुम्ही मान खाली घातली. मला वाटलं, घाल म्हणताय. नंतर इचार केला मी. लई दिवस केला. एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर तुमचा पाणउतारा केला. भ्यायलात ना तुम्ही?"

बावीस वर्षं झाली. मी शहाऐंशी वर्षांचा आहे. लोकांनी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा मी हेच सांगत आलो, की मी बुजरा माणूस, मला धीर झाला नाही. बुजऱ्या माणसाला लोक पटकन माफ करतात. हा गुण मी लहानपणापासून वापरत आलो आहे.

पण त्या दिवशी खांबाला टेकून उभा असताना मी घाबरलेला नव्हतो. पहिलं उपरणं पडलं तेव्हा पुढचं सगळं मला पाठ असल्यासारखं दिसलं. दुपारचे वकील, संध्याकाळची पळापळ, साहेबांचा चेहरा. ज्या पानावर त्यांनी बशी ठेवली तेच पान त्यांना बुडवणार होतं, आणि त्या अख्ख्या दिवाणखान्यात हे फक्त मला माहीत होतं. इतका आनंद मला पुस्तकानं कधी दिला नव्हता. गोदावरीबाईंनी पाहिलं तेव्हा मला त्या दिसल्या. खरं सांगायचं तर तिसरं उपरणं दिसलं. हिशोब पुरा होत होता.

मला हसू येत होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी मान खाली घातली.

"सांगा ना गुरुजी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्यासाठी उत्तर तयार करून आणलं होतं, कासारखेड्याहून, रात्रभराच्या एसटीतून. "भ्यायलात ना?"

"हो," मी म्हणालो. "भ्यालो."

"मग असू द्या. माणूस भितं."

त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "त्या दिवशी राहून गेली होती. खाऊन घ्या. ठेचा कमी तिखट केलाय."

आणि माझ्यासमोर बसून, मी पूर्ण भाकरी खाईपर्यंत, त्या हलल्या नाहीत.